स्नायूंची फडफड आणि मनाची धास्ती

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दिवसभराच्या धावपळीनंतर अंथरुणाला पाठ टेकते आणि पोटरीत काहीतरी उडू लागते. कातडीखाली किडा वळवळावा तशी ती हालचाल असते. दोन क्षण थांबते, पुन्हा सुरू होते. दुसऱ्या दिवशी दंडात, तिसऱ्या दिवशी पापणीवर, आठवड्याभरात सर्वांगावर कोठेही. दुखत नाही, काम अडत नाही, पण लक्ष मात्र तेथून हटत नाही.

पूर्वी घरात पापणी फडफडली की वडीलधारी मंडळी शुभाशुभ सांगत. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, स्त्रीचा डावा लवला तर शुभ. आता हा निवाडा संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर होतो आणि तो बहुधा अशुभच निघतो. 'स्नायू उडणे' एवढे शब्द शोधले की काही क्षणांत 'मोटर न्यूरॉन डिसीज' हे नाव समोर येते आणि त्यासोबत चाकांच्या खुर्चीवरील स्टीफन हॉकिंग यांचे छायाचित्र. त्या रात्रीपासून अनेकांची झोप उडते. अमरावती असो वा अकोला, नोकरदार, विद्यार्थी, व्यापारी, गृहिणी, कोणीही या भीतीतून सुटलेले नाही. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण अशा वेळी शब्दशः खरी ठरते. म्हणूनच या फडफडीचा अर्थ काय, ती केव्हा निरुपद्रवी असते आणि केव्हा खरोखर धावपळ करावी लागते, हे शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

फडफड म्हणजे काय?

आपल्या स्नायूंना प्रेरक चेतापेशींकडून आज्ञा मिळते. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील स्नायुतंतूंचा समूह मिळून एक पथक तयार होते. मेंदूने आज्ञा दिली की ही पथके शिस्तीने आकुंचन पावतात आणि हात उचलला जातो किंवा पाऊल पडते. कधीकधी मात्र एखाद्या चेतातंतूच्या टोकाशी आज्ञेवाचूनच विद्युत्स्पंद निर्माण होतो आणि ते एकटे पथक आकुंचन पावते. कातडीवर क्षणभर उमटणारी ही हालचाल म्हणजेच फडफड होय. वैद्यकात तिला 'फॅसिक्युलेशन' म्हणतात. सांधा हलवण्याइतकी शक्ती तिच्यात बहुधा नसते.

हा प्रकार पेटक्यांपेक्षा वेगळा आहे. पेटके आले की पोटरीत गोळा येतो, वेदना होतात, स्नायू ताठरतो. हातांच्या कंपापेक्षाही तो वेगळा आहे, कारण कंपात ठरावीक लय असते. मात्र ज्याला फडफड जाणवते त्याला अधूनमधून पेटकेही येऊ शकतात आणि त्यावरून लगेच गंभीर निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

निरोगी माणसांतही फडफड

फडफड हे रोगाचे लक्षण आहे असे गृहीत धरणे हीच पहिली चूक. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वैद्यकीय क्षेत्रातील शेकडो निरोगी व्यक्तींना स्नायूंच्या फडफडीविषयी विचारण्यात आले. सुमारे ७० टक्के लोकांनी ती कधी ना कधी अनुभवल्याचे सांगितले. पुढे १९९३ मध्ये मेयो क्लिनिक या नामवंत संस्थेतील डॉक्टरांनी निरुपद्रवी फडफड असे निदान झालेल्या १२१ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. निदानानंतर दोन ते बत्तीस वर्षांचा काळ लोटला होता. त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झालेला आढळला नाही.

थोडे गणितही उपयोगी पडते. या आजाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांत लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे दोन नवे रुग्ण असे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख होती. पाश्चात्त्य दर येथे लावला तरी दोन्ही शहरे मिळून वर्षाला वीस-बावीस नवे रुग्ण होतील. याउलट ज्यांच्या अंगात कधीतरी स्नायू उडतो अशांची संख्या काही लाखांत जाईल. हा केवळ ठोकताळा आहे, पण तो दिशा दाखवण्यास पुरेसा आहे. फडफड सर्वसाधारण आहे, हा आजार दुर्मीळ आहे.

ज्याची भीती वाटते तो आजार

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये मेंदूतील आणि मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे 'एएलएस'. फ्रान्सचे चेतारोगतज्ज्ञ जाँ मार्टिन शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन सुरू केले. अमेरिकेत तो बेसबॉलपटू लू गेरिग यांच्या नावाने ओळखला जातो. १९३९ मध्ये त्यांना निदान सांगण्यात आले आणि १९४१ मध्ये ते वारले. हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी हा आजार असल्याचे कळले, तरी ते २०१८ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे जगले. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. त्या वेळी वृत्तपत्रांतून या आजाराची मराठी घरांत मोठी ओळख झाली. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची मोहीम जगभर गाजली आणि आजाराचे नाव आणखी दूरवर पोहोचले. जागृती झाली हे चांगलेच, पण तिच्या सावलीतून भीतीही घरोघर शिरली.

हॉकिंग यांच्या आजाराची सुरुवात कशी झाली हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. विद्यार्थिदशेत ते कारण नसताना अडखळू लागले, पडू लागले. म्हणजे सुरुवात होती ती शक्ती आणि नियंत्रण कमी होण्याची. बहुसंख्य रुग्णांत हेच घडते. फडफड असते, पण ती दुबळेपणाच्या सोबतीने येते. नष्ट होणाऱ्या चेतापेशीच्या ताब्यातील स्नायुतंतू अनाथ होतात. शेजारच्या चेतापेशी काही काळ त्यांना दत्तक घेतात, परंतु पुढे त्याही थकतात. या उलथापालथीत स्नायू उडतो, कृश होतो आणि कामाला नकार देतो.

भारतातील चित्र काही बाबतींत वेगळे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने तीस वर्षांतील १,१५३ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कमी होते. मात्र आजारासह जगण्याचा काळ तुलनेने बराच मोठा आढळला. तरुण मुलांच्या एकाच हाताचा पंजा कृश होण्याचा 'हिरायामा' नावाचा एक विकारही आपल्याकडे दिसतो. वरवर तो याच भयंकर आजारासारखा वाटतो, पण बहुधा काही वर्षांत आपोआप स्थिरावतो. त्यामुळे हात कृश दिसला तरी निदान स्वतः करू नये. ते तज्ज्ञावर सोपवावे.

फरक कसा ओळखावा?

निरुपद्रवी फडफड साधारणपणे अशी असते. ती आज येथे तर उद्या तेथे, अशी जागा बदलते. पोटऱ्या, पापण्या, मांड्या, अंगठ्याचा तळ ही तिची आवडती ठिकाणे. विश्रांतीच्या वेळी, जागरणानंतर, व्यायामानंतर ती वाढते. लक्ष दुसरीकडे गेले की जाणवेनाशी होते. महिनोन्‌महिने चालूनही हातापायांची ताकद जशीच्या तशी राहते.

तज्ज्ञांकडे विनाविलंब जाण्याजोगी लक्षणे वेगळी आहेत. कुलपात किल्ली फिरवता न येणे, सदऱ्याची बटणे लावणे अवघड होणे, हातातून वस्तू वारंवार पडणे, चालताना पाऊल जमिनीवर घासणे, चप्पल पायातून निसटणे, पायरी चढताना मांडीत बळ न राहणे, बोलणे जड वा अस्पष्ट होणे, पाणी पिताना ठसका लागणे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील मांस डोळ्यांना दिसेल इतके खंगणे. या यादीत 'वाटणे' कोठेही नाही. अशक्त वाटणे आणि काम न जमणे यांत मोठे अंतर आहे. चिंताग्रस्त माणसाला पाय गळून गेल्यासारखे वाटतात, पण तो तेच पाय घेऊन तीन मजले चढतो. खरा रुग्ण पुष्कळदा आपला दुबळेपणा मान्य करीत नाही. तो घरच्यांच्या लक्षात आधी येतो.

मुंग्या, बधिरपणा, आग होणे ही लक्षणे संवेदी चेतांची असतात. एएलएसमध्ये ती प्रमुख नसतात. त्यांची कारणे बहुधा मधुमेह, जीवनसत्त्वांची उणीव किंवा चेतांवरील दाब यांत सापडतात.

वऱ्हाडातील नेहमीची कारणे

फडफड वाढवणारी कारणे आपल्या दिनक्रमातच दडलेली असतात. अपुरी झोप, मानसिक ताण, अति व्यायाम ही सर्वत्रची कारणे. त्यांत वऱ्हाडाची भर पडते ती उन्हाळ्याची. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही निघून जातात. केवळ पाणी पीत राहून क्षार भरून निघत नाहीत. अशा वेळी स्नायू उडतात, पेटके येतात. मीठ-साखरेचे पाणी, ताक, पन्हे हे आपले जुने उपाय येथे शास्त्रालाही मान्य आहेत. मात्र रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूजल खारे आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या भागातून सतत येत असतात. मूत्रपिंडे नीट काम करेनाशी झाली की रक्तातील कॅल्शियम, पोटॅशियम आदींचा तोल ढळतो आणि स्नायू अस्वस्थ होतात. त्यामुळे या पट्ट्यातील व्यक्तीने सतत पेटके व फडफड जाणवल्यास रक्तातील क्रिएटिनिन आणि क्षार तपासून घ्यावेत.

चहा, कॉफी आणि खर्ऱ्यातील तंबाखू हे सर्व चेतासंस्थेला उत्तेजित करतात. थायरॉइडचे आधिक्य, दम्यासाठी घेतली जाणारी काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हीही कारणे असू शकतात. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी होते. या उणिवेमुळे मुख्यतः मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे असे त्रास होतात. तपासणी सोपी आहे आणि उपचारही.

येथे मात्र क्षणही दवडू नये

स्नायूंची फडफड ही वऱ्हाडात खरोखर जीवघेणी ठरते ती एका वेगळ्याच प्रसंगी, आणि तो प्रसंग कपाशीच्या शेतातला आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील एका विकराचे काम बंद पाडतात. चेतेने स्नायूला दिलेला रासायनिक निरोप संपवणे हे त्या विकराचे काम. ते थांबले की निरोप संपतच नाही. स्नायू सतत उडत राहतात आणि शेवटी थकून निकामी होतात. श्वासाचे स्नायूही त्यात आले.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण प्राणास मुकले. शहरात राहणाऱ्या अनेकांचे आईवडील वा भाऊ आजही शेती करतात, म्हणून ही लक्षणे प्रत्येकाला ठाऊक असावीत. फवारणीनंतर काही तासांत घाम व लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, उलट्या, छातीत घरघर आणि अंगभर स्नायू उडणे. अशा माणसाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवावे, धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना विष लागू देऊ नये, आणि औषधाच्या डब्यासह रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ॲट्रोपिन हे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून घाईने घरी परतू नये, कारण एक ते चार दिवसांत मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे होण्याचा दुसरा टप्पा येऊ शकतो.

दुसरा तातडीचा प्रसंग म्हणजे काही दिवसांत झपाट्याने वाढणारा दुबळेपणा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'गिया बारे' विकाराची साथ आली आणि दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यात पायांतून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो. असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बहुसंख्य रुग्ण उपचारांनी बरे होतात.

भीतीचे चक्र

या दोन प्रसंगांत भीती उपयोगी असते, कारण ती माणसाला हालवते. एरवीच्या फडफडीत मात्र ती स्वतःच आजार बनते. भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, चेता अधिक संवेदनशील होतात, स्नायू आणखी उडतात. मग माणूस स्वतःची परीक्षा घेऊ लागतो. दिवसातून वीस वेळा टाचांवर उभे राहणे, आरशात जीभ न्याहाळणे, दोन्ही पोटऱ्या फितीने मोजणे. वारंवारच्या परीक्षेने स्नायू थकतात, थरथरतात आणि ती थरथर नवा पुरावा ठरते. कोणाच्याही दोन पोटऱ्या तंतोतंत सारख्या नसतात, पण मोजणाऱ्याला त्या फरकात मृत्यू दिसतो. डॉक्टरांनी धीर दिला की दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी 'तपासणी फार लवकर झाली असेल तर?' हा प्रश्न उभा राहतो आणि पुन्हा नवे डॉक्टर, नवी तपासणी, नवा खर्च.

हे अज्ञानामुळे होते असेही नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील चेतारोगतज्ज्ञांनी फडफडीच्या धास्तीने आलेल्या खुद्द डॉक्टरांविषयी लेख प्रसिद्ध केला. आजाराची माहिती जितकी अधिक, तितकी कल्पनेला सामग्री अधिक. त्यामुळे अशा माणसाला 'हे तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे हिणवणे अन्यायाचे आहे. फडफड खरी असते. चुकतो तो तिचा अर्थ. ही चिंता क्षुल्लकही नाही. स्वीडनमधील २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात आजारभयाचे निदान झालेल्यांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळले.

तपासणी किती आणि कोठे?

एकदा नीट तपासणी अवश्य करावी. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'इर्विन', किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय येथे औषधवैद्यक विभागात सुरुवात करता येते. स्वतःचे कुटुंब-डॉक्टर असतील तर आणखी उत्तम. ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया, जीभ, चाल यांची हातांनी केलेली तपासणी ही या बाबतीत सर्वांत मोलाची असते. तिच्यासोबत साखर, थायरॉइड, क्षार, मूत्रपिंडे आणि ब-१२ यांच्या चाचण्या पुरेशा ठरतात.

शंका उरल्यास चेतारोगतज्ज्ञ इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे बारीक सुईने स्नायूतील विद्युत्‌क्रिया मोजणारी चाचणी सुचवतात. चेतापेशी नष्ट होत असतील तर फडफडीखेरीज इतरही ठळक खुणा तीत दिसतात. तपासणी आणि चाचणी दोन्ही सामान्य असतील तर तीच चाचणी दर दोन महिन्यांनी करून घेण्याने काही साधत नाही. केवळ फडफडीने सुरुवात होऊन पुढे आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती अपवादात्मक आहेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर एकदा दाखवणे हे त्या अपवादासाठी पुरेसे आहे.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे झोप, पाणी, बेताचा व्यायाम आणि चहा-तंबाखूला आवर. दुसरा, स्वतःच्या परीक्षा आणि पडद्यावरील शोध यांवर बंधन. एकदम बंद होत नसेल तर दिवसातून ठरावीक दहा मिनिटे त्यासाठी ठेवावीत आणि हळूहळू तीही कमी करावीत. तिसरा, विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णालयांत येणाऱ्या ४४४ चिंताग्रस्त रुग्णांवरील चाचणीत तिचा लाभ दोन वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. गरज पडल्यास चिंतानाशक औषधे मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावीत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. घरच्यांनी दररोज 'तुला काही झालेले नाही' असे बजावत बसू नये. त्यापेक्षा सोबत फिरायला न्यावे.

ज्यांना हा आजार खरोखर होतो त्यांच्यासाठीही आज सारे संपलेले नाही. १९९५ पासून उपलब्ध असलेले रिल्युझोल आजाराची गती थोडी कमी करते, श्वासाला साहाय्य करणारी यंत्रे आयुष्य वाढवतात आणि विशिष्ट जनुकीय दोष असलेल्यांसाठी २०२३ मध्ये टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आहे.

भीतीला सामोरे जाण्याचा धडा या मातीला नवा नाही. कुष्ठरोग हादेखील मुळात चेतांचा विकार. एकेकाळी अंगावरच्या प्रत्येक चट्ट्याने माणसाचा थरकाप होई. अशा काळात, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत 'तपोवन' उभारले. तिकडे वरोऱ्यात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आमटे आधी घाबरून दूर गेले होते. त्या भीतीचीच लाज वाटून ते परतले आणि पुढे आनंदवन उभे राहिले. चट्टा दिसला तर तपासून घ्यावा, निदान झाले तर उपचार घ्यावेत, नाही झाले तर कामाला लागावे, एवढी साधी शिस्त त्या पिढीने शिकवली. पोटरीतील फडफडीलाही तीच शिस्त लागू पडते.